५३ की ५७? बहिणीच्या वजनगटाबद्दल सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, माझी धाकटी बहीण फ्रीस्टाइल कुस्ती खेळते. गेल्या वर्षापर्यंत अंडर-१७ मध्ये ५३ किलोत होती, आता अंडर-२० ला गेलीय आणि आमचं सगळं अडलंय ते वजनगटावर. तिचं नेहमीचं वजन ५५.८ ते ५६ च्या आसपास असतं, म्हणजे थोडंसं उतरवलं की ५५ किलो गट तिला अगदी आरामात जमतो. पण ५५ ऑलिम्पिकमध्ये नाहीच ना! मुलींचे एकूण दहा गट, त्यातले ऑलिम्पिकला फक्त सहा, ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६. आणि बाईसाहेबांच्या डोक्यात ऑलिम्पिकशिवाय दुसरं काही नाही.

तिचे कोच म्हणतात ५३ लाच राहा, उंची कमी आहे, ५७ च्या मुली हाताने लांब पडतील, तुला पायापर्यंत पोचूच देणार नाहीत. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, तिचा सगळा खेळ एकेरी पटावर (समोरचीचा एक पाय पकडून तिला पाडायचं) आहे, पट काढून ताबा घ्यायचा आणि लगेच भारंदाज (खाली पडलेलीला कमरेला मिठी मारून फिरवायचा डाव) लावायचा. पण वजन उतरवताना तिची काय हालत होते ते मी घरी बघते. मागच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री ४०० ग्रॅम जास्त भरत होतं तर दोन जर्किन घालून दोरीवरच्या उड्या मारत होती, पाणी बंद, ओठ फुटलेले, आणि मध्येच थांबून बाटलीत थुंकत होती, तेवढेच ग्रॅम कमी व्हावेत म्हणून. सकाळी काटा पास झाला, पण दुसऱ्या राउंडला पायच उचलेनात, पहिली तीन मिनिटं आघाडीवर होती ती कुस्ती नंतरच्या तीन मिनिटांत गेली.

इंटरनॅशनलला तर अजून कठीण, एक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन होतं, दुसऱ्या दिवशी फक्त १५ मिनिटं मिळतात, कॉस्च्यूमच्या वजनाचीही सूट नाही. पॅरिस ऑलिम्पिकला विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. एका दिवसात जपानच्या ऑलिम्पिक विजेत्या सुसाकीसकट तिघींना हरवून फायनलला गेली आणि सकाळी १०० ग्रॅमसाठी बाहेर. आधी ती ५३ ला होती, जागतिक स्पर्धेची दोन ब्रॉंझ त्याच गटातली, पण पॅरिसचा ५३ चा कोटा (त्या गटातली भारताची एकमेव जागा) अंतिम पंघालने मिळवलेला, म्हणून ती ५० ला उतरली. त्या दिवशी आमच्या घरात कोणी जेवलं नव्हतं आणि तेव्हापासून मला या काट्याची धास्तीच बसलीय.

उलट साक्षी मलिक बघा, रिओला ५८ मध्ये ब्रॉंझ, नंतर तो गट बंद झाला तर वर गेली आणि २०२२ च्या कॉमनवेल्थला ६२ मध्ये गोल्ड. म्हणजे वर जाऊनही जमतं की.

अजून एक, आणि हे खरं तर सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या वेळी वजन उतरवल्यापासून तिची पाळी अडीच महिने आलेली नाही. हे तिने फक्त मला सांगितलंय. सराव एवढा आणि खाणं कमी पडलं की पाळी थांबते, पुढे हाडं कमजोर होतात एवढं मला माहितीय. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतेय, पण कोचना हे कसं सांगायचं? ती लाजते, आणि सांगितलं तर टीममधून काढतील अशी भीतीही आहे तिला.

ज्यांच्या घरी मुली सीनियरपर्यंत खेळल्यात किंवा जे स्वतः खेळलेत त्यांना विचारायचंय, १७-१८ व्या वर्षी वर जायला किती वेळ द्यावा? एखादं वर्ष ५५ लाच खेळवून ताकद वाढवत नेऊन मग ५७ केलं तर चालेल का, की त्यात वर्ष वाया जातं? आणि बुटक्या मुलींना वरच्या गटात पट काढायला कसं शिकवतात, आधी हातांची पकड सोडवण्यावर भर देतात की अजून काही? स्पोर्ट्स डाएटिशियनकडे कोणी नेलं असेल तर काय फरक पडला तेही लिहा.

ट्रायल्स सहा आठवड्यांवर आहेत, त्याआधी कोचशी बोलायचंय.