सेसना १७२ की वापरलेलं आरव्ही-६: वर्षाच्या खर्चात नेमका फरक कुठे पडतो?

कोरडी_धावपट्टी
अमेरिकेत नोंदलेलं वापरलेलं विमान घ्यायचं आहे. वर्षाला ७५ तास उड्डाण, बहुतेक वेळा दोघंच, सगळं व्हीएफआर (म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत). यादीत दोनच उरलीत: कारखान्यात बनलेलं सेसना १७२ आणि दुसऱ्या कुणी व्हॅन्स कंपनीच्या किटमधून घरी बांधलेलं आरव्ही-६. दोन्हींत १६० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३२० इंजिन. 'एक्स्पेरिमेंटल म्हणजे निम्म्यात काम' असं घरी बांधलेल्या विमानांबद्दल सगळेच म्हणतात. हे निम्मं वाचतं कुठे? बांधणारा मी नसल्यामुळे बांधणाऱ्याला मिळणारं रिपेअरमन सर्टिफिकेट (त्या विमानाच्या वार्षिक तपासणीवर सही करायचा अधिकार) मला मिळणार नाही, एवढं माहीत आहे.

रिव्हेटगन
निम्मं विसरा. हँगरभाडं दोघांना सारखंच आणि इंजिनही तेच. फरक पडतो मजुरीत आणि सुट्या भागांत.

१७२ वर मालक-पायलटने स्वतः करायच्या कामांची यादी अमेरिकी विमान-देखभाल नियमांच्या पार्ट ४३ च्या परिशिष्टात ठरलेली आहे: तेलबदल, टायर, प्लग, बॅटरी असं किरकोळ. त्यापलीकडे मेकॅनिकची सही हवी आणि वार्षिक तपासणीला आयए (तपासणीचा जादा अधिकार) असलेलाच मेकॅनिक हवा. घरी बांधलेल्या आरव्हीला पार्ट ४३ लागू नाही. अल्टरनेटर बदलणं, मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचं) टायमिंग लावणं, अगदी सिलिंडर उतरवणंही तुम्ही करू शकता. दर बारा महिन्यांची कंडिशन इन्स्पेक्शन (आरव्हीची वार्षिक तपासणी) मात्र नुसते मालक म्हणून तुमच्या सहीने होणार नाही. तिथे साधा ए अँड पी (परवानाधारक विमान मेकॅनिक) चालतो, आयए लागत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: मूळ बांधणाऱ्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट विमान विकल्यावरही त्या विमानापुरतं चालतं. तो जवळपास राहत असेल आणि तयार असेल, तर तपासणी तोच करू शकतो.

सुट्या भागांचं म्हणाल, तर १७२ मध्ये मंजुरीचे कागद असलेलाच अल्टरनेटर बसवावा लागतो. आरव्हीत मोटारीचाही चालतो. पॅनेलमधल्या उपकरणांत पूर्वी जमीन-अस्मानाचा फरक होता. २०१६ मध्ये गार्मिन जी५ सारख्या डिजिटल उपकरणांना १७२ सारख्या सर्टिफाइड विमानांसाठी वाट मोकळी झाली आणि ती दरी बरीच बुजली. ट्रान्सपॉन्डरची (रडारला उत्तर देणाऱ्या उपकरणाची) २४ महिन्यांची तपासणी आणि एडीएस-बीची (विमानाचं स्थान आपोआप प्रसारित करण्याची) अट दोघांनाही आहेच.

तेलाचा_डबा
वरचं बरोबर आहे, पण एक पुरवणी. १७२ च्या वार्षिक तपासणीतही झाकणं उघडणं, प्लग काढणं, साफसफाई ही कामं मालकाला मेकॅनिकच्या देखरेखीखाली करता येतात. याला राजी होणारा मेकॅनिक मिळाला, तर मजुरीतली तफावत आणखी कमी होते.

आता इंजिन. ओव्हरहॉलला (पूर्ण उघडून नव्याने जुळवायला) ४०,००० डॉलर लागतील असं फक्त हिशेबापुरतं धरू. टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधले शिफारस केलेले तास) २००० तास, म्हणजे ताशी २० डॉलर बाजूला टाकायचे. पण लायकमिंग बारा वर्षांचीही मर्यादा सांगते आणि ७५ तासांच्या वेगाने बारा वर्षांत होतात जेमतेम ९०० तास. मग तोच आकडा ताशी ४४ वर जातो. खासगी वापरात टीबीओ सक्तीचा नाही, तेव्हा त्यापुढेही इंजिन चालवता येतं. प्रश्न ते तितकं टिकेल का, हा आहे. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं, त्याच्या लोबवर (उंचवट्यांवर) आणि त्यांना टेकणाऱ्या टॅपेटवर गंज धरतो, पुढे पृष्ठभाग सोलवटतो. बोअरस्कोपला (सिलिंडरमध्ये घालायच्या बारीक कॅमेऱ्याला) हे दिसत नाही. नीट पाहायचं तर सिलिंडर काढावा लागतो. म्हणून तेल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. तुमच्या बाबतीत बहुधा कॅलेंडरच आधी येईल, म्हणजे वर्षाला तीनदा. फिल्टर दर वेळी कापून आत धातूचा चुरा आहे का ते बघा. नुसतं जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून भागत नाही, उलट तेलात पाणी साठतं.

माझ्या मते खरी बचत मैलामागे आहे. दोघांचं इंधन ताशी आठेक गॅलन धरा. १७२ चा वेग ११० नॉट, आरव्हीचा १५५ च्या आसपास. ३०० सागरी मैलांना एकाला २२ गॅलन, दुसऱ्याला साडेपंधरा. इंजिनाचे तासही त्याच प्रमाणात वाचतात.

कोरडी_धावपट्टी
मैलांचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. एडीचं (विमान नियामकाच्या सक्तीच्या तपासणी-दुरुस्ती आदेशांचं) काय? आरव्हीला त्या लागत नाहीत असं ऐकतो.

रिव्हेटगन
१७२ च्या एअरफ्रेमवर (सांगाड्यावर) सक्तीच्या एडी आहेत. सीटच्या रुळांची झीज पुन्हा पुन्हा मोजावी लागते, ती त्यातलीच. आरव्हीच्या सांगाड्याला तशी सक्ती नाही, पण व्हॅन्सची सर्व्हिस बुलेटिन (कंपनीच्या सूचना) आहेत. इंजिन, मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटरच्या एडी पाहिल्याशिवाय शहाणा मेकॅनिक सही करत नाही.

शेपूटचाक
विमान आरव्ही-६ आहे की ६ए? ६ ला शेपटीकडे चाक असतं. त्यासाठी लॉगबुकात टेलव्हील एन्डॉर्समेंट (प्रशिक्षकाच्या सहीची मंजुरी) लागते आणि विमा कंपनी बहुधा त्याच प्रकारच्या विमानावर प्रशिक्षकासोबतचे काही तासही मागेल. तेव्हा विम्याचं कोटेशन बोली लावण्याआधी घ्या. १७२ ला हा भाग जवळपास नाहीच.

दुसरं, कंडिशन इन्स्पेक्शन करणारा ए अँड पी आधीच गाठून ठेवा. बरेच जण घरी बांधलेल्या विमानाला हात लावत नाहीत, कारण कारागिरी प्रत्येकाची वेगळी आणि वायरिंगचा नकाशा कुणाच्या तरी डोक्यात. विकणाऱ्याकडून ऑपरेटिंग लिमिटेशन्स (त्या विमानाला घातलेल्या उड्डाणाच्या अटी), ताजा वजन-तोल तक्ता आणि वायरिंगचा नकाशा मागा. प्रोपेलर किंवा इंजिन मध्येच बदललं असेल, तर त्यानंतर फेज १ ची (चाचणीची) उड्डाणं करून तशी नोंद झाली आहे का ते लॉगबुकात शोधा. नसेल, तर ते निस्तरण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.