मेमरी कमी पडताच प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारणे, म्हणजे मधेच बंद पाडणे, योग्य आहे का?

कुळागर (फोंडा)
येथील एका छापखान्यात चार जीबी रॅमच्या संगणकावर लिनक्स चालते. जत्रेचे पत्रक जुळवत असताना मेमरी राखणाऱ्या सेवेने आधी ब्राउझर मारला. सिस्टमच्या नोंदी उघडल्या तेव्हा लगतच्याच ओळीत, त्याच सेकंदाच्या वेळेसह, लिबरऑफिसचेही नाव होते. ब्राउझरने अडवलेली मेमरी सुटेपर्यंत ती सेवा थांबली असती, तर दुसऱ्या बळीची गरजच उरली नसती. माझे म्हणणे असे की मोकळी मेमरी कमी दिसणे हा मारण्याचा निकष असू नये. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या कॅशेसाठी (वाचलेल्या फायली हाताशी ठेवण्यासाठी) वापरतेच, आणि म्हणूनच कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ पासून 'मेमअव्हेलेबल' (खरोखर वापरता येईल एवढी मेमरी) हा वेगळा आकडा दिला जातो. मेमरीअभावी कामे किती वेळ खोळंबली, हे कर्नल ४.२० पासून पीएसआय ही कर्नलमधील सोय मोजते. निर्णय त्यावरून व्हावा.

मांडवीकाठ (पणजी)
मला हे पटत नाही. कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा भाग) शेवटपर्यंत वाट पाहतो, आणि तोवर चालू प्रोग्रामचीच पाने (मेमरीतील तुकडे) मेमरीतून बाहेर काढून डिस्कवरून पुन्हा वाचण्याचे सत्र सुरू राहते. माउस हलेनासा होतो, माणूस वैतागून पॉवरचे बटण दाबतो आणि मग सगळेच जाते. अर्लीओओएम हे साधन, उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॅप (मेमरीला पूरक म्हणून राखलेली जागा) दोन्ही १० टक्क्यांखाली गेले, की मोठ्या प्रोसेसला आधी बंद होण्याची विनंती करते व ५ टक्क्यांखाली सक्तीने मारते. फेडोरा ३२ वर्कस्टेशनने २०२० मध्ये ते मुळातच चालू ठेवले, ते काही हौसेने नव्हे. मी कळंगुटच्या एका हॉटेलचा आरक्षणाचा सर्व्हर सांभाळतो. हंगामात एखादी प्रोसेस मेली तर ती पुन्हा उभी करता येते, पण सर्व्हर गोठला तर काउंटरवर रांग लागते.

कुळागर
लवकर मारण्याला माझा विरोध नाही, लागोपाठ मारण्याला आहे. निवडलेली प्रोसेस मरत असताना कर्नल दुसरी निवडत नाही. ती लॉकमध्ये (दुसऱ्या कामाची वाट पाहत) अडकली तरी तिची मेमरी काढून घेता यावी म्हणून ४.६ मध्ये ओओएम रीपर आला. अँड्रॉइडमधला मेमरी राखणारा एलएमकेडीसुद्धा एक बळी घेतल्यावर तो खरोखर संपण्याची वाट पाहतो. छापखान्यातील सेवेला एवढाही धीर नव्हता.

साळकाठ (मडगाव)
अँड्रॉइडचा दाखला येथे जपून द्यावा. तेथील अ‍ॅप कधीही मारले जाईल हे गृहीत धरून आपली स्थिती जपण्याची सोय ठेवलेली असते. डेस्कटॉपवरील प्रोग्रामची तशी घडण नाही. शिवाय 'केव्हा मारावे' यापेक्षा 'कोणाला मारावे' हा प्रश्न मला मोठा वाटतो. उबुंटू २२.०४ मध्ये सिस्टमडी-ओओएमडी हा पीएसआय पाहून मारणारा प्रोग्राम आल्यावर तक्रारी झाल्या, कारण तो एकेक प्रोसेस नव्हे तर आख्खा सीग्रुप (एकत्र बांधलेल्या प्रोसेसचा गट) मारतो, म्हणजे एका टॅबपायी सगळा ब्राउझर जातो. याउलट क्रोमियम (ब्राउझर) आपल्या टॅबच्या प्रोसेसना ओओएम स्कोअरमध्ये (तो जितका जास्त, तितकी आधी मारले जाण्याची शक्यता) ३०० ची भर घालून स्वतःच पुढे करते. छापखान्यात लिबरऑफिसचा स्कोअर उणे केला असता तर पत्रक बहुधा वाचले असते.

मांडवीकाठ
स्कोअरचा मुद्दा मान्य आहे, आणि एका बळीनंतर थांबण्याचाही. पीएसआयबाबत मात्र माझी शंका कायम आहे. सिस्टमडी-ओओएमडीच्या मूळ मांडणीत मेमरीचा दाब (कामे खोळंबण्याचे प्रमाण) ६० टक्क्यांवर सलग ३० सेकंद राहावा लागतो. पत्रक जुळवणाऱ्याला तेवढा वेळ परवडेल, पण काउंटरवर किल्ली मागणाऱ्या पाहुण्यासमोर परवडत नाही. ही मुदत कमी करता येते हे खरे, तरी ती फार उतरवली तर क्षणिक ताणालाही प्रोसेस बळी पडतील आणि आपण पुन्हा अनावश्यक मारण्याकडेच येऊ. छापखान्यात झेडरॅम (मेमरीतच दाबून साठवलेला स्वॅप) चालू करून पीएसआयवर विसंबावे. सर्व्हरवर मी १० टक्क्यांचीच सीमा ठेवणार.