बाबांची सर्पगंधा, ज्येष्ठमध आणि बीपी – मदत हवी आहे

नमस्कार. जरा लांबलचक होतंय, पण अनुभवी कुणी असेल तर वाचा.

बाबांना (सासरे, वय ७१) आठ वर्षं बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन चालू होती. बीपी ठीक असायचं, पण पाय सुजायचे. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर तासभर राहायचा. बाबांनी निदान केलं, ‘गोळीने किडनी गेली.’ डॉक्टरांना विचारू म्हटलं तर ‘तो आणखी एक गोळी वाढवेल’. ओळखीतल्या एकांनी सर्पगंधा घनवटी (बीपीवरची आयुर्वेदिक, मुळीची गोळी) सुचवली आणि दोन महिन्यांपूर्वी जुनी गोळी परस्पर बंद झाली. आम्हाला नंतर कळलं.

खरं सांगते, पहिला महिना रीडिंग उत्तम. १२८/८०. वळ गेले, बाबा खूश, आम्हीच वेडे ठरलो.

आता नाक सतत चोंदलेलं, सर्दी मात्र नाही. नाडी ५४. आणि रोज पेनाने शब्दकोडं सोडवणारा माणूस, पंधरा दिवस कोडी कोरीच. विचारलं तर ‘काय करायचंय सोडवून’. हे मला बीपीपेक्षा जास्त खटकतंय.

सर्पगंधा थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्याबद्दल लिहिलं, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर बीपीवर वापरलं गेलं. पण नाक चोंदणं, नाडी मंदावणं, उदासी हे त्याचेच दुष्परिणाम म्हणून वाचले. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे बाबांचं पालुपद इथे तरी लागू नाही.

गंमत पुढेच आहे. नाक बंद, म्हणून तोंडाने श्वास, म्हणून घसा कोरडा, म्हणून दिवसभर ज्येष्ठमध चघळणं! ज्येष्ठमधाने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं म्हणे. कालचं रीडिंग १५८/९२. एक मुळी खाली ओढतेय, दुसरी वर ढकलतेय, असं असेल का? सर्पगंधा एकदम बंद करायची की हळूहळू? जुनी गोळी आजच सुरू करू का? आणि मुख्य म्हणजे, बाबांना डॉक्टरकडे न्यायचं कसं?

प्रतिसाद
ताई, मी वैद्य आहे. ज्येष्ठमध आजच थांबवा. जुनी गोळी मनाने सुरू करू नका. सर्पगंधेचा परिणाम ती थांबवल्यावरही बरेच दिवस राहतो, दोन्ही मिळून बीपी फार उतरू शकतं. उद्याच फिजिशियनला दाखवा, ईसीजी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम करून घ्या. पाय सुजणं हा अ‍ॅम्लोडिपिनचा नेहमीचा त्रास आहे, त्यावरून किडनी गेली असं होत नाही. दुसऱ्या गोळ्या आहेत. उदासीबद्दल त्यांच्याशी थेट बोला. जगणं नकोसं झालंय असं काही म्हणाले तर उद्याचीही वाट बघू नका. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या. आणि ‘आयुर्वेद सोडा’ म्हणू नका, ‘वैद्यांनीच तपासून घ्यायला सांगितलंय’ म्हणा.

धागाकर्ती
खूप आभार. तुमचं नाव पुढे केलं, तयार झाले! उद्या सकाळची वेळ मिळालीय. पिशवी भरताना कपाटातून चार बाटल्या निघाल्या. मला दोनच माहीत होत्या.