बेटावर चक्रीवादळ: आधी पाहणी की आधी मदत?

प्रतापनगरकर:
वादळाची बातमी आली की आपल्या ग्रुपांवर 'कपडे, धान्य जमा करा' सुरू होतं. तळमळ खरी असते. तरी माझं ठाम मत आहे की बेटावर आधी नुकसानीची पाहणी व्हावी, मगच माल निघावा. मार्च २०१५ मध्ये प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशाला पॅम वादळानं झोडपलं, तेव्हा कुणी न मागितलेल्या सामानाचे कंटेनर पोर्ट व्हिलाच्या बंदरात येऊन पडले. त्यात मुदत संपलेलं खाणंही होतं. उतरवायचा, ठेवायचा, शेवटी फेकायचा खर्च त्या देशाच्याच माथी. नागपुरात वर्धा रोड बंद झाला तर अमरावती रोड आहे, जबलपूर रोड आहे. लहान बेटाला बहुतेकदा एक धक्का नि एक धावपट्टी. तिथे जुन्या कपड्यांची गाठोडी आधी उतरली की ताडपत्र्या आणि क्लोरीनच्या गोळ्या मागे राहतात.

महालचा_भाऊ:
भाऊ, पाहणी पाहणी काय करून राहिले? २३ सप्टेंबर २०२३ ले अंबाझरी तलाव भरून वाहिला नि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, आठवते नं? नदीकाठी माझ्या मावसभावाचं टेलरिंगचं दुकान आहे. पंचनाम्याले माणूस आला, शिलाई मशीन लिहून घेतली, कपाट लिहून घेतलं. लोकांनी शिवायले दिलेलं कापड तिथंच चिखलात पडलं होतं, लग्नाचे ब्लाउजपीसही होते त्यात. फॉर्मात त्याले जागाच नाही! गिऱ्हाइकांचे पैसे त्यानं आपल्या खिशातून भरले.
पाहणीवाला फॉर्मात असते तेवढंच पाहते. अमेरिकेच्या पोर्तो रिको बेटावर सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळात सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ मृत्यूंवरच होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर २०१८ मध्ये तो २,९७५ झाला. भिंत अंगावर पडून मेला तो मोजला, वीज गेली नि दवाखाना बंद म्हणून मेला तो राहून गेला. अशा आकड्यावर मदत ठरवाल?

प्रतापनगरकर:
तुमच्या भावावर अन्यायच झाला. पण पाहणी वाईट झाली म्हणून पाहणीच नको, हे पटत नाही. त्याच पोर्तो रिकोत वर्षभरानं सैबाच्या धावपट्टीवर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे ढीगच्या ढीग सापडले. पाणी आलं होतं, लोकांपर्यंत पोचलं नाही. आणि पाहणी म्हणजे पंचनामा नव्हे. पंचनामा भरपाईसाठी, तो सावकाश होऊ द्या. मी पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या धावत्या अंदाजाबद्दल बोलतोय. रडार उपग्रहाला ढगांतूनही जमीन दिसते, अशा आपत्तीत चित्रं पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात आपली इस्रोही आहे. पण विहिरीत खारं पाणी शिरलंय का, हे वरून कळत नाही. त्यासाठी होडीनं जाऊन पोहराच काढावा लागतो.

सायली_मानेवाडा:
तिसरी वाट फिजीनं दाखवली. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन वादळ आलं. सरकारनं गरिबांच्या नि वृद्धांच्या पेन्शनची आधीचीच यादी उघडली आणि त्यांना जादा रक्कम दिली. घरोघर फिरून नवी नोंद नाही. पैसा हातात आला की बाई स्वतः ठरवते, पत्रा घ्यायचा की तांदूळ.

महालचा_भाऊ:
यादीत नाव नसलेल्यानं काय करावं, ताई? भाड्यानं राहणारा, दुसऱ्याच्या बोटीवर राबणारा कोणत्याच यादीत नसते.

सायली_मानेवाडा:
खरं आहे, तो सुटतो. म्हणून यादी ही फक्त सुरुवात. पण त्याच्यासाठी बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवणं मला मान्य नाही.

निवृत्त_काका:
एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी आपल्याच शहरात आहे, तरी आपली चर्चा मात्र वादळानंतरचीच. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ लक्षद्वीपवरून गेलं. कोचीहून कवरत्ती सुमारे ४०० किलोमीटर, समुद्र खवळलेला असताना जहाज नेणार कोण? ताडपत्री, दोर, खिळे, जेरीकॅन, ओआरएस, तांदूळ हे प्रत्येक वादळात लागतंच. ते पावसाळ्याआधीच बेटावर पक्क्या इमारतीत ठेवा. त्याला कसली पाहणी? पाहणी करा ती पुढच्या गोष्टींची: कुठली विहीर, कुठला दवाखाना, कुणाची बोट.

महालचा_भाऊ:
काकांचं पटलं. साठा आधी, यादीचे पैसे लगेच. मात्र पाहणीले जाल तेव्हा सोबत त्याच गावची आशाताई किंवा अंगणवाडीवाली न्या. कोणाच्या घरी म्हातारं ऑक्सिजनवर आहे, कोण बाळंतीण आहे, हे तिले तोंडपाठ असते. बाहेरच्या साहेबाले ते फॉर्म भरूनही कळत नाही.

प्रतापनगरकर:
याला माझी काहीच हरकत नाही. फक्त कपड्यांची गाठोडी अजूनही नको.