बहारीनची अपिलं मुंबई हायकोर्टात यायची म्हणून छाती फुगवणाऱ्यांसाठी

आडबंदर
परवापासून एक पोस्ट फिरते आहे. 'तुम्हाला माहीत आहे का? एके काळी बहारीनमध्ये भारतीय दंडविधान लागू होतं आणि अपिलं आपल्या मुंबई हायकोर्टात यायची! आखातावर भारताचं राज्य होतं!' खाली तिरंगा, जोडलेले हात आणि फोर्टातल्या इमारतीचा फोटो. पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून जास्त चिडलो. सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं.

बहारीनची ऑर्डर इन कौन्सिल, म्हणजे तिथल्या कोर्टांचा शाही हुकूम, निघाली १९१३ मध्ये, लंडनहून, राजाच्या नावाने. अंमल १९१९ पासून. व्यवस्था अशी की शेखच्या प्रजेचे खटले शेखकडे, बाकी सगळ्यांचे इंग्रजांकडे. बाकी सगळे म्हणजे हिंदी व्यापारी, इराणी, युरोपियन, अमेरिकन मिशनच्या दवाखान्यातले लोक, इतकंच काय, मध्य अरबस्तानातल्या नज्दहून आलेले अरबसुद्धा. मनामाच्या, म्हणजे राजधानीच्या, बाजारात दोन दुकानांची भिंत एक आणि कायदे दोन. त्या दोघांचंच आपसात वाजलं तर तिसरं, जॉइंट कोर्ट.

आणि न्यायाधीश कोण? पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रज सरकारचा तिथला प्रतिनिधी. बहुतेक वेळा लष्करातला कॅप्टन नाहीतर मेजर. शेखला 'सल्ला' देणारा हाच, शेखविरुद्ध वर कळवणारा हाच आणि खटल्याचा निकाल देणारा हाच. त्याच्यावरचं कोर्ट इराणातल्या बुशहरला बसणाऱ्या रेसिडेंटचं, म्हणजे त्याच्याच साहेबाचं. मुंबई त्याच्याही वर. १९२३ च्या मे महिन्यात याच मंडळींनी १८६९ पासून गादीवर असलेल्या शेख ईसा बिन अलींना बाजूला सारून कारभार मुलाच्या, हमदच्या हाती दिला.

हे 'आपलं' राज्य? मग १९०८ मध्ये याच हायकोर्टात याच दंडविधानाखाली टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हाही आपलंच राज्य होतं म्हणा की. तिथेही तिरंगा लावा.

वकील_चिंचपोकळी
भावना पोचल्या. टिळक काढले की समोरच्याने गप्प बसायचं असा नियम असेल तर आधी सांगायचं होतं.

मनामातल्या भाटिया व्यापाऱ्याच्या जागी बसून बघा. हे लोक मूळचे सिंधमधल्या ठठ्ठ्याचे. मनामातलं त्यांचं श्रीनाथजींचं मंदिर दोनशे वर्षांहून जुनं आहे, ऑर्डर इन कौन्सिलच्या खूप आधीचं. मोत्यांच्या धंद्यात यांचा पैसा गुंतलेला. पाणबुड्यांच्या कर्जाचे तंटे सालिफा कोर्टात, व्यापाराचे मजलिस-उल-उर्फमध्ये, आणि त्यातले निम्मे सभासद शेखचे तर निम्मे एजंटचे. हे सगळं ओळखीपाळखीवर चालायचं. ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं? छापील कायदा, लेखी निकाल आणि वर अपील, ही त्याच्या दृष्टीने चैन नव्हती, गरज होती.

आणि कोर्टं नुसती शिक्के मारत होती असंही समजू नका. निजामाच्या हद्दीत रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार इंग्रजांकडे होता. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचं वॉरंट घेऊन पोलिसांनी शंकरपल्ली स्टेशनात एका माणसाला धरलं. १८९७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, सांगितलं की तुमचा अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता, सिमल्यातल्या गुन्ह्यासाठी इथे माणूस उचलता येणार नाही, अटक बेकायदा. पारतंत्र्यात असे निकाल लागत. आज माझ्या अशिलाची तारीख लागते आणि साहेब रजेवर असतात. ते असू दे.

आडबंदर
एक शंकरपल्ली किती दिवस पुरवणार? तो माणूस लंडनपर्यंत गेला कारण त्याला ते परवडलं. मनामातल्या हमालाला मुंबई परवडत होती का?

खाडीपट्टा_खेड
हमालाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. माझ्या वालिदांचे चुलते, आमचे दादा, गलबतावर खलाशी होते, पुढे मनामाच्या बंदरावर राहिले. आमच्या खेड-दापोलीकडे अशी घरं पुष्कळ. धक्क्यावर गोणी उतरवताना मारामारी झाली. त्यात तिघे होते, दादा, एक इराणी आणि एक तिथलाच. तिघांनी एकमेकांना सारखंच बदडलेलं. पण तिथला माणूस शेखच्या माणसांकडे गेला आणि संध्याकाळी धक्क्यावर परत. दादा आणि इराणी गेले एजन्सीत, म्हणजे एजंटच्या कचेरीत. तिथला दुभाषा उर्दू बोलायचा आणि दादांना येत होती फक्त कोकणी. विचारलं काय ते कळेना, म्हणून प्रत्येक प्रश्नाला 'जी' म्हणाले. त्या 'जी'वर दंड झाला, रुपयांत. तिकडे रुपयाच चालायचा तेव्हा.

आडबंदरसाहेब म्हणतील, बघा जुलूम. पण दादा मरेपर्यंत गावात ताठ मानेने सांगायचे, 'आमचा मुकदमा सरकारात चालला.' इराण्याशी पुढे दोस्ती झाली, पगारातून दंड दोघांनी मिळून भरला. आता हे तुमच्यातल्या कोणाच्या बाजूने धरायचं ते तुम्ही ठरवा.

तिरकस_पेठ
आता फक्त मार्सेल्स यायचं बाकी आहे.

अखंड_वाचक
मार्सेल्सबद्दल बोलायलाच हवं! १९१० मध्ये सावरकरांना फ्रान्सच्या भूमीवर पकडलं, परक्या भूमीवरचा अधिकार हाच तर मुद्दा होता, आणि हेगच्या लवादाने १९११ मध्ये

तिरकस_पेठ
धन्यवाद. अर्ध्या वाक्यात थांबलात त्याबद्दल विशेष आभार.

लवंग_वेलदोडा
वकीलसाहेब, तुमच्या 'गरजे'ची दुसरी बाजू झांझिबारला दिसते. तिथेही इंग्रज कॉन्सलच्या कोर्टावरची अपिलं मुंबईला यायची. पण १८६० च्या सुमारास कॉन्सल रिग्बीने फर्मावलं की ब्रिटिश प्रजेला गुलाम ठेवता येणार नाही, आणि हिंदी व्यापाऱ्यांकडचे हजारो गुलाम सोडवले. मग काय झालं? कच्छी शेठ म्हणू लागले, आम्ही ब्रिटिश प्रजा कुठे, आम्ही कच्छच्या रावांची रयत, आम्हाला सुलतानाचा कायदा चालेल. शेवटी १८६९ मध्ये रावांकडूनच जाहीरनामा काढवून घ्यावा लागला की झांझिबारमधल्या आमच्या रयतेला इंग्रजांनी आपल्या प्रजेप्रमाणेच वागवावं.

म्हणजे वसुलीच्या वेळी युनियन जॅक आणि गुलाम सोडायच्या वेळी सुलतान. आपले पूर्वज बिचारे आणि साहेब लबाड असा हिशेब मांडू नका. साहेब लबाड होताच, पण आपले शेठही काही कमी नव्हते.

वकील_चिंचपोकळी
हे मला ठाऊक होतं, मुद्दाम लिहिलं नव्हतं. ठीक आहे, मुद्दा तुमचा. पण याने आडबंदर यांचंही नुकसानच होतं. परक्यांवरच्या अधिकारामुळे माणसं गुलामीतून सुटली, हे त्यांच्या लेखात बसत नाही.

मनामा_रिटर्न
सगळे १९१९ मध्येच फिरताय. मी त्या देशात नोकरी केली आहे, आमच्या वेळी परक्यांसाठी कोण होतं ते ऐका.

पासपोर्ट कंपनीकडे. अकाउंटंटच्या मागच्या लोखंडी कपाटात, रबरबँड लावलेले गठ्ठे, देशाप्रमाणे. आमचा गठ्ठा सगळ्यात जाड. सांगलीकडच्या एका पोराची आई गेली. फोन आला बुधवारी रात्री. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर दुबईत. इथल्या खिडकीवर गेलो तर म्हणाले स्पॉन्सरचं पत्र आणा, तिथल्या खिडकीवर गेलो तर म्हणाले हा कंपनीचा अंतर्गत मामला. पोरगा घरी पोचला तेव्हा तेरावं झालेलं होतं. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त कपाट उघडलं नाही.

तुम्ही म्हणता एजंट म्हणजे जुलूम. मला त्या दिवशी कुठला का होईना एजंट हवा होता, ज्याच्या दारात जाऊन म्हणता आलं असतं की हा मामला तुमचा आहे.

आडबंदर
तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटलं. पण यातून निघतं काय, की गोरा साहेब परत बोलवा? ही सवय अंगात मुरलेली असते तेव्हाच असल्या पोस्टींना हजार लाइक पडतात.

मनामा_रिटर्न
सवय कोणाच्या अंगात मुरली आहे ते पासपोर्ट कपाटात ठेवून बघा म्हणजे कळेल. एसीत बसून शेख ईसाची बाजू घेणं सोपं आहे.

ठाणेकरीण
दोघेही जरा दमाने. कफाला, म्हणजे परक्या कामगाराला स्पॉन्सरच्या हाती बांधणारी ही पद्धत, वाळवंटातला जुना रिवाज आहे असं धरून तुम्ही बोलताय. अभ्यासकांमध्ये असंही एक मत आहे की बहारीनमध्ये त्याला आजचं रूप आलं ते इंग्रजांच्याच अमलात, १९२० च्या दशकात. मोत्यांच्या हंगामासाठी बाहेरून पाणबुडे यायचे. ते परके, म्हणजे एजन्सीच्या अधिकारातले. प्रत्येकाच्या मागे धावायला एजन्सीकडे माणसं कुठे होती? मग आणणाऱ्या नाखुद्यालाच जबाबदार धरलं. हे मत खरं असेल तर रिटर्नभाऊ, तुमचा एजंट आणि तुमचं कपाट एकाच घरातले निघतात.

मनामा_रिटर्न
असेलही. पण इंग्रज १९७१ मध्ये गेले. त्यानंतरचं कोणाच्या नावावर टाकायचं?

खाडीपट्टा_खेड
२००९ मध्ये बहारीनने कफाला बदलला. तिथल्या मजूरमंत्र्यानेच त्याची तुलना गुलामीशी केली होती.

मनामा_रिटर्न
जाहीर केला. भाऊ, आपल्याकडे हुंडा १९६१ पासून बंद आहे.

खाडीपट्टा_खेड
हे मात्र खरं. माझा भाचा सध्या तिथेच आहे. कंपनी बदलता येते आता, पण विचारायला गेला तर एचआरवाला म्हणतो, 'बदल की, मग बघू.' आमच्या गल्लीत यावर रोज बैठक असते, चहा माझ्याकडे.

अखंड_वाचक
कफाल्यासाठी वेगळा धागा काढावा अशी विनंती. मूळ विषय आंतरराष्ट्रीय कायद्याचा होता.

तिरकस_पेठ
मार्सेल्सवाल्यांनी विषयांतराची तक्रार करावी! आज पुण्यात पाऊस पडणार.

वकील_चिंचपोकळी
मूळ विषयाकडे यायचंच तर एक गोष्ट कोणीच बोललं नाही. १९४७ नंतर काय झालं? आपण स्वतंत्र झालो, आखाताचा कारभार दिल्लीच्या हातून निघून १९४८ मध्ये लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेला, मुंबईचा संबंध तुटला. पण परक्यांवरचा इंग्रजांचा अधिकार तसाच राहिला, कुवेतमध्ये १९६१ पर्यंत, बहारीनमध्ये थेट १९७१ पर्यंत. म्हणजे स्वतंत्र भारताचा नागरिक मनामात उतरला की पुन्हा इंग्रजाच्या कोर्टात. याचा राग आडबंदर यांना यायला हवा होता. शेख ईसांसाठी त्यांनी परिच्छेद लिहिला, या माणसासाठी ओळ नाही.

आडबंदर
मुद्दा चांगला आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. ती कोर्टं आपली असती तर आपल्याबरोबर स्वतंत्र झाली असती. ती गेली लंडनला, कारण होतीच लंडनची. व्यापाऱ्याला सोय झाली हे मी नाकारत नाही. सोय झाली म्हणून मालकी होत नाही, एवढंच म्हणतोय.

वकील_चिंचपोकळी
'नाकारत नाही' हे लेखात कुठे होतं ते दाखवा, दंड भरतो. रुपयांत.

लवंग_वेलदोडा
आणि शेठलोकांचं काय? त्यांच्यावर दोघेही गप्प.

आडबंदर
शेठलोकांबद्दल लिहिलं तर माझ्या सासुरवाडीचा ग्रुप सुटेल. ती पोस्ट मुळात तिथूनच आली होती. सासऱ्यांना वरचं सगळं पाठवलं, त्यांचं उत्तर आलं: 'अभ्यास छान. पण अपिलं मुंबईत यायची हे खरं ना?'

मनामा_रिटर्न
खरं आहे म्हणून सांगा. आणि कोणी जावई-भाचा तिकडे निघाला असेल तर पासपोर्टच्या दोन झेरॉक्स घरी ठेवायला सांगा, व्हिसाच्या पानासकट.