मराठीत 'मान्य आहे' दाबलं म्हणून सीमाभाग जिंकला काय?

खानापूरकर
काल आपल्या बेळगाव सीमाभागाच्या या कट्ट्यावर 'उद्यमबाग नाईट शिफ्ट' या गृहस्थांनी एक पोस्ट टाकली. मुद्दा एवढाच, की नवीन डेटा संरक्षण कायद्याने प्रत्येक ॲपला संमतीची सूचना मराठीतही द्यावी लागणार, त्यामुळे 'सत्तर वर्षांत मोर्च्यांना जे जमलं नाही ते एका कलमाने करून दाखवलं'. खाली शंभर जणांचे भगवे झेंडे. मी रात्री दोनपर्यंत जागा होतो, रागाने.

अहो, ती सूचना कोण देणार? जो संमती मागतो तो. म्हणजे किराणा पोचवणारं ॲप आणि कर्ज देणारं ॲप. अनुदान, दाखला, परवाना देताना सरकारला कलम ७ ने सूट आहे, त्याला तुमचं 'मान्य आहे' नकोच आहे. आमचं रडगाणं कुणाशी आहे? पिझ्झावाल्याशी? आमचं रडगाणं उताऱ्याशी आहे. भूमी प्रकल्पात २००० च्या सुमारास उतारे संगणकावर गेले, चांगलं झालं, पण छापून येतो तो कन्नडात. माझ्या वडिलांना स्वतःच्या सात एकरांचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. आणि तुम्ही म्हणता जिंकलो! मांडे खाताय की काय मनातल्या मनात?

उद्यमबाग नाईट शिफ्ट
काका, राग कळतो, पण कायदा वाचून रागवा. कलम ५(३) म्हणतं, सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत बघायचा पर्याय द्यायचा. २२ भाषा. राज्य कुठलं, तालुका कुठला, लोकसंख्या किती, काही विचारलेलं नाही. आजवर सरकारी कागद मराठीत मागायचा तर आपल्याला प्रत्येक वेळी तालुक्यात १५ टक्के आहोत की नाही हे मोजून दाखवावं लागलं. जनगणनेचे आकडे घेऊन आपले लोक डी.सी. (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या पायऱ्या झिजवत म्हातारे झाले. इथे पहिल्यांदाच भाषेचा हक्क माणसाला चिकटलाय, गावाला नाही. मी पेणेवाडीत असो की पाटण्यात, ॲप भारतात सेवा देत असेल तर मला मराठी.

आणि पिझ्झावाला म्हणून हसू नका. माझ्या आईने एका कर्जाच्या ॲपला सगळे कॉन्टॅक्ट दिले होते, इंग्रजीत 'अलाव' दाबून. हप्ता चार दिवस चुकला तर शेजारणीला, मामाला, माझ्या मॅनेजरला फोन. तिला मराठीत 'तुमच्या फोनमधले सगळे नंबर घेऊ का' असं दिसलं असतं तर ती बाई मेली तरी हो म्हणाली नसती.

वडगावची अक्का
म्हणाली असती.
दादा, तुझ्या आईबद्दल वाईट वाटतं, पण मी बचत गटातल्या बाराजणींचे फोन हाताळते. मराठी वाचता येतं सगळ्यांना, माग चालवत चालवत सातवी-आठवी झालेल्या आहेत. कुणी वाचत नाही. पैसे पाहिजे असतात त्या दिवशी. वसुलीचा पोरगा स्वतःच फोन हातात घेतो, चार वेळा दाबतो, परत देतो. तिथे मराठी असलं काय, मोडी असलं काय.

येळ्ळूर शिवार
अक्का बरोबर बोलूलाल्या. कायद्याचं सोडा, आमच्या गावातला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक २०१४ साली पाडला तेव्हा कुठलं परिशिष्ट आडवं आलं होतं गा? महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा प्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे आणि हे लोक ॲपचं बटण बघून नाचूलालेत.

उद्यमबाग नाईट शिफ्ट
प्रत्येक गोष्ट फलकावर नेऊन बांधायची आपली खोड आहे. संमतीबद्दल बोलतोय मी.

तीन नावांचा
मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय. या कायद्यात नावदुरुस्तीचा हक्क आहे असं ऐकलं. माझं नाव ज्ञानेश्वर. आधारवर 'डी-एन-वाय' ने सुरू होतं, आपण मराठी लोक लिहितो तसं. बँकेत 'जी-वाय', कारण तिथला साहेब उत्तरेकडचा होता. उताऱ्यावर कन्नडात अगदी बरोबर आहे, पण शेतकरी नोंदणीत त्या कन्नडावरून इंग्रजी केलं तेव्हा 'जे-एन' ने सुरू झालं आणि शेवटी एक 'ए' लागला, ज्ञानेश्वरा, जणू कुणी मला हाक मारूलालंय. तिन्ही एकच माणूस आहेत हे मशीनला पटत नाही. दुष्काळाचे पैसे अडकले. कचेरीतला ऑपरेटर म्हणतो आधार बदल, आधारवाला म्हणतो नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, एकदा झालंय, उताऱ्याचं बघ. बायकोचं नाव तरी लक्ष्मी आहे म्हणून सुटली.

निपाणीचा मास्तर
सुटली कुठली. माझ्या बहिणीच्या लक्ष्मीत एकीकडे 'एक्स' आहे आणि एकीकडे 'के-एस-एच'. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार पाच महिने आले नाहीत. लक्ष्मी रुसली म्हणायचं.

कट्टा कोडर
यात भाषेचा काही दोष नाही, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड हे दोन्ही तक्ते इस्की या आपल्या भारतीय मानकावर बेतलेत. देवनागरी 'क' च्या क्रमांकात ८९६ मिळवा, कन्नड 'क' येतो. 'ळ' मध्ये ८९६ मिळवा, कन्नड 'ळ' येतो. 'ज्ञ' मधल्या 'ञ' लाही तेच. कन्नड उतारा मराठीत दाखवायला, निदान नावं तरी, एका ओळीचा प्रोग्रॅम लागतो. वाट कुठे लागते? मध्ये इंग्रजी घातल्यावर. कन्नडातून इंग्रजी, इंग्रजीतून मराठी. शेजारच्या घरी जायला लंडनवरून जायचं.

खानापूरकर
हे मात्र मला माहीत नव्हतं. एका ओळीचं काम आहे आणि पंचवीस वर्षं होत नाही, म्हणजे करायचंच नाही, एवढंच सिद्ध झालं.

तलाठ्याची सून
एका ओळीचं काम म्हणे! कट्टा कोडर, जरा कऱ्हाडकर आडनाव घालून बघ. तुझ्या ८९६ ने 'ऱ' चं जे अक्षर निघतं ते हळेगन्नडातलं, म्हणजे जुन्या कन्नडातलं आहे, आजचा कन्नड माणूस ते लिहीत नाही. सासऱ्यांनी तीस वर्षं उतारे लिहिले, त्यांनाही ते वाचता येणार नाही. आणि कन्नडात ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' वेगळे आहेत, आपल्याकडे एकच. उलट आणताना तुझ्या मराठीत ऱ्हस्व 'ऎ' उगवणार, चंद्रकोर उलटी लावल्यासारखा. बेळगाव 'बॆळगावि' दिसेल, चालेल का येळ्ळूरच्या भावाला?

कट्टा कोडर
बरं, पाच ओळींचा.

तलाठ्याची सून
आणि जी चूक ऑपरेटरने ऐकून टाइप करतानाच केली, ती तुझ्या पाच ओळी कशा ओळखणार? 'चव्हाण' तोंडी सांगितलं की कन्नड पोरगा 'चवान' लिहितो, कारण त्याला तसंच ऐकू येतं. मी लग्न करून आले तेव्हा मला कन्नडाचा गंध नव्हता. दोन महिन्यांत उतारा वाचायला शिकले. तीसेक शब्द असतात त्यात, पिकांची नावं धरून. बारा वर्षं या धाग्यांवर भांडणाऱ्यांनी दोन महिने बसून अक्षरं गिरवली असती तर निम्मी कामं एजंटाशिवाय झाली असती.

येळ्ळूर शिवार
आली! 'कन्नड शिका की' वाली मंडळी आली. आजोबांनी १९८६ च्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या त्या कन्नडसक्तीवरूनच. तुमच्यासारखे घरभेदी होते म्हणून ही वेळ आली.

तलाठ्याची सून
तोंड सांभाळून. माझा भाऊ दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत असतो, तू त्या दिवशी कुठं असतोस ते तुझ्या स्टेटसवर दिसतं, गोव्यात. वाचता येणं म्हणजे शरण जाणं नव्हे. मला वाचता येत होतं म्हणून दिराच्या वाटणीत आमचे अकरा गुंठे कमी लिहिलेले सापडले. मराठी अस्मितेने सापडले नसते.

येळ्ळूर शिवार
गोव्याला कामासाठी गेलो होतो.

वडगावची अक्का
बीचवर काम निघालं होतं वाटतं.

निपाणीचा मास्तर
शांत व्हा. सूनबाईंचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, पण ते हक्काचं उत्तर होत नाही. मी चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, कन्नड मला येतं, त्याचा मला अभिमानही आहे. तरीसुद्धा कागद माझ्या भाषेत मागायचा माझा हक्क त्यामुळे संपत नाही. घटनेचं ३५० वं कलम गाऱ्हाणं राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडू देतं. मराठीत अर्ज दिला तर घ्यायलाच पाहिजे. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं हे मात्र त्यात लिहिलेलं नाही, तिथेच सगळी गोम.

माहितीवाला अण्णा
तुम्ही सगळे नावात अडकलात, पुढचा खड्डा कुणी बघत नाही. डेटा कायद्याचं कलम ४४(३) वाचलंय कुणी? त्याने माहिती अधिकाराचं ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो असं दाखवावं लागायचं. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हटलं की पुरे. शिवाय त्यात एक ओळ होती, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही. ती ओळच गेली. म्हणजे बेळगावच्या सुवर्णसौधात, विधिमंडळात बसलेल्याला मिळेल, बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्या मला नाही. आणि तुमची ती मराठी सूचना यायला १८ महिने, ही दुरुस्ती मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांबरोबरच लागू.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या गावातल्या नुकसानभरपाईची यादी मागवली होती. त्यात मेलेली चार माणसं निघाली, एक तर मी स्वतः खांदा दिलेला. यंदा तशीच यादी मागितली, उत्तर आलं, 'वैयक्तिक माहिती, देता येत नाही.' मेलेल्याची कसली आलीय प्रायव्हसी?

उद्यमबाग नाईट शिफ्ट
अण्णा, ८(२) अजून आहे. जनहित मोठं असेल तर द्यावी लागते.

माहितीवाला अण्णा
जनहित मोठं आहे हे ठरवणार तोच अधिकारी ज्याच्या सहीने पैसे गेले. मग पहिलं अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तोवर मीही त्या यादीत जायचा.

आणि एक गंमत सांगतो, भाषेवरून एवढं पेटलाय म्हणून. २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. इथली राजभाषा कन्नड. मी, जन्माने मराठी, बेळगावच्या मातीत वाढलेला, एका कन्नड अधिकाऱ्याला हिंदीत अर्ज लिहितो. दोघांनाही ती नीट येत नाही. तो मला 'आपको सूचित किया जाता है' लिहितो, तेव्हा दोघांची कीव येते.

खानापूरकर
हे वाचून उद्यमबागवाल्याला एक गोष्ट द्यावी लागतेय, नाइलाजाने. माहितीच्या कायद्याने आठव्या परिशिष्टाकडे बघितलंसुद्धा नाही, या कायद्याने निदान मराठीचं नाव त्या यादीतून घेतलं. घ्या, तुमचा एक भगवा झेंडा राहू दे. पण मराठीत विचारायची वेळ आली तेव्हा विचारण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही, हेही लिहा तुमच्या पोस्टखाली.

उद्यमबाग नाईट शिफ्ट
लिहितो. 'मोर्च्यांना जमलं नाही' ते वाक्यही काढतो, मास्तरांचा फोन आला होता. बाकी पोस्ट तशीच राहील. २५० कोटींपर्यंत दंड आहे, कंपन्या घाबरतील.

वडगावची अक्का
तो दंड कुणाला मिळतो रे? माझ्या बारा बायकांना?

उद्यमबाग नाईट शिफ्ट
सरकारी तिजोरीत जातो.

माहितीवाला अण्णा
आणि आयटी कायद्यातलं ४३अ, ज्यात नुकसान झालेल्याला भरपाई मागता यायची, तेही याच कायद्याने काढायचं ठरलंय. वर खोटी तक्रार केलीत तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड. अक्का, जपून तक्रार करा.

वडगावची अक्का
झालं की मग.

तीन नावांचा
माझा प्रश्न तसाच राहिला हो. दुरुस्तीचा हक्क आहे की नाही?

कट्टा कोडर
कलम १२ मध्ये आहे. पण ज्या माहितीसाठी तुम्ही संमती दिली तिच्यापुरता. अनुदानाची नोंद कलम ७ वर चालते, तिथे संमती नाही, म्हणून हा हक्कही नाही. किराणाच्या ॲपमधलं नाव मात्र हक्काने बदलून घेऊ शकता.

तीन नावांचा
तिथे माझं नाव बरोबरच आहे.

तलाठ्याची सून
ज्ञानेश्वरभाऊ, आधारला हात लावू नका, एकच संधी उरलीय ती जपा. बँकेतलं नाव आधी आधारसारखं करून घ्या, ते सोपं. मग तिन्ही नावं एकाच माणसाची म्हणून नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करा, आणि शेतकरी नोंदणीतल्या इंग्रजी नावासाठी अर्ज द्या. अर्ज कन्नडात द्या, मी लिहून देते. उताऱ्याचा फोटो पाठवा, सर्व्हे नंबर झाकून.

येळ्ळूर शिवार
मलाही एक अर्ज लिहून पाहिजे होता. वारसा नोंदीचा. आजोबांच्या नावावरची जमीन आहे.

तलाठ्याची सून
घरभेद्याकडून?

येळ्ळूर शिवार
वहिनी, चुकलं म्हणा. कुंदा घेऊन येतो.