ग्रब रेस्क्यूवर अडकलंय, पेनड्राइव्हवरून हाताने मिंट कसं चालू करू?

यावलकर:
भाऊंनो अर्जंट मदत पाहिजे. यावलला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, तिथल्या जुन्या बायोसवाल्या पीसीवर विंडोज आणि लिनक्स मिंट दोन्ही टाकलेले आहेत. काल रात्री विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून रिकामी पडलेली ई ड्राइव्ह डिलीट केली, म्हटलं ती जागा नंतर मिंटला जोडू, आणि रिस्टार्ट केलं तर काळ्या स्क्रीनवर नो सच पार्टिशन आणि खाली ग्रब रेस्क्यू (ग्रब म्हणजे पीसी चालू होताना विंडोज की मिंट असा मेनू दाखवणारा प्रोग्राम), बस. विंडोजपण येत नाही. शेतकऱ्यांचे सातबारे, पासबुकं, केळीच्या विम्याची कागदं सगळी मिंटच्या होममध्ये आहेत, सकाळपासून लोक येऊन परत जाताय. शेजारचा पोरगा म्हणे फॉरमॅट मार. मित्राने ग्रब-एमकेरेस्क्यूने बनवून दिलेला पेनड्राइव्ह आहे, तो लावला तर नुसतं ग्रब> येतं, मेनू वगैरे काही नाही. पुढे काय टाकू?

भुसावळवाला:
फॉरमॅट अजिबात मारू नको भो, तुझा डेटा जागेवरच आहे. ई ड्राइव्ह लॉजिकल पार्टिशन (एका मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेला हिस्सा) होती ना, तिचा नंबर ५ आणि मिंटचा ६ असणार. लॉजिकलमधली एक उडवली की मागची पुढे सरकते, म्हणजे मिंट आता ५ झालं आणि ग्रब बिचारं अजून ६ शोधतंय. विंडोजचा रस्तापण ग्रबमधूनच जातो म्हणून तेही अडकलं.

आता पेनड्राइव्हच्या ग्रब> वर आधी एलएस टाक, डिस्क आणि पार्टिशनची यादी येईल. (कमांड तू इंग्रजीतच टाइप कर, मी फोनवर मराठी कीबोर्डने उच्चाराप्रमाणे लिहितोय.) पेनड्राइव्हवरून बूट केलंय म्हणून बहुतेक एचडी० म्हणजे पेनड्राइव्ह आणि एचडी१ म्हणजे तुझी हार्डडिस्क. ग्रबमध्ये डिस्क ० पासून मोजतात आणि पार्टिशन १ पासून, इथेच लोक चुकतात. मग एकेक उघडून बघ (एमएसडॉस५ म्हणजे ५ नंबरचं पार्टिशन):

एलएस (एचडी१,एमएसडॉस५)/

शेवटचा स्लॅश विसरू नको, त्याच्याशिवाय आतल्या फायली दिसत नाहीत. होम, ईटीसी, बूट अशी नावं दिसली की तेच मिंट. मग ओळीने:

सेट रूट=(एचडी१,एमएसडॉस५)
लिनक्स /बूट/व्हीएमलिनझ रूट=/डेव्ह/एसडीए५ आरओ
इनिटआरडी /बूट/इनिटआरडी.आयएमजी
बूट

फाइलचं नाव आठवत नसेल तर अर्धं लिहून टॅब दाब, पूर्ण होतं. व्हर्जन नंबरवाल्या दोन-तीन फायली दिसल्या तर कर्नल (म्हणजे व्हीएमलिनझ) आणि इनिटआरडी एकाच नंबरचे घे.

यावलकर:
होम दिसलं भाऊ!! जीवात जीव आला. पण बूट टाकल्यावर बराच वेळ थांबून एसडीबी५ डज नॉट एक्झिस्ट आणि खाली इनिटरॅमएफएस असं आलं. एचडी१ म्हणजे दुसरी डिस्क ना, म्हणून मी एसडीए ऐवजी एसडीबी लिहिलं होतं.

भुसावळवाला:
तेच चुकलं. एचडी१ हे ग्रबचं नाव, एसडीए हे लिनक्सचं, दोघांची मोजणी वेगळी. ग्रबने पेनड्राइव्ह पहिला धरला तरी लिनक्सला सहसा आतली डिस्कच एसडीए दिसते. रिस्टार्ट करून फक्त ती एक ओळ बदल, बाकी सगळं बरोबर आहे तुझं.

धुळेकर:
एक भर घालतो. पेनड्राइव्ह नसता तरी काम झालं असतं, रेस्क्यू प्रॉम्प्टवर एलएस, सेट, इनस्मॉड (ग्रबचा एखादा भाग लोड करणारी कमांड) एवढं चालतं. पेनड्राइव्ह काढला की डिस्क एचडी० होते, मग सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब, त्याच पार्टिशनचा सेट रूट, इनस्मॉड नॉर्मल आणि शेवटी नॉर्मल. नेहमीचा मेनू येतो. फक्त तिथे टॅब चालत नाही, अक्षर न चुकता टाकावं लागतं.

आणि मिंट चालू झालं म्हणून लगेच बंद करू नको, पुढच्या वेळी परत तिथेच अडकशील. टर्मिनल उघडून सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए टाक, इथे ५ लावायचा नाही, पूर्ण डिस्कचं नाव पाहिजे. मग सुडो अपडेट-ग्रब, विंडोज मेनूत आलं का तेपण बघून घे. हे तुझ्या बायोसवाल्या मशीनचं सांगतोय, यूईएफआयवाल्यांनी (बायोसच्या जागी ते असलेल्या नव्या मशीनवाल्यांनी) आंधळेपणाने कॉपी करू नका.

यावलकर:
चालू झालं!! एसडीए५ केलं आणि सरळ डेस्कटॉप आला. दोन्ही कमांड मारल्या, पेनड्राइव्ह काढून रिस्टार्ट केलं, मेनूत मिंट आणि विंडोज दोन्ही आहेत. दोघांचे उपकार आहेत माझ्यावर. आता आधी होम फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपीला लावलंय आणि सकाळी परत गेलेल्यांना फोन करतोय.